रिले बॉटची लिंक वारंवार तुटते, ऑप जातात, मेसेज दुप्पट होतात: दोष कुठे शोधायचा

आयआरसी म्हणजे चॅनेलांत (चॅटरूमांत) लिहून गप्पा मारायची जुनी पद्धत. तिची दोन नेटवर्क रिले बॉटने, म्हणजे इकडचं बोलणं तिकडे पोचवणाऱ्या प्रोग्रामने, जोडली की सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. मग तक्रारी येऊ लागतात, आणि त्या ठरलेल्याच असतात. मधूनच निम्मं चॅनेल रिकामं होतं आणि मिनिटाभराने पुन्हा भरतं. कुणाचे तरी ऑप, म्हणजे चॅनेल सांभाळायचे अधिकार, आपोआप जातात. एकच ओळ चारदा उमटते. बॉट रीस्टार्ट केला की थोडा वेळ शांत, म्हणून जो तो रीस्टार्ट करत राहतो. दुखणं तिथंच राहतं आणि दर खेपेला दोन्हीकडच्या माणसांचं बोलणं अर्ध्यावर तुटतं.

ही पोस्ट पायलिंक किंवा त्याच जातीच्या सर्व्हिस बॉटबद्दल आहे. म्हणजे असा बॉट, जो साधा युजर म्हणून नव्हे तर सर्व्हर म्हणून नेटवर्कला जोडला जातो आणि एकीकडची माणसं दुसरीकडे उभी करतो. पूर्वी याच कामाला पर्लमध्ये लिहिलेला जेनस वापरत. पायलिंक पायथनमध्ये आहे आणि त्याचं कॉन्फिग यॅमल या मजकुरी मांडणीत लिहायचं असतं. खालची बरीच उदाहरणं पायलिंकची असली तरी कारणं सगळ्या रिले बॉटना सारखीच लागू पडतात.

माझ्या मते यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ बॉटमध्ये नसतं. दोन नेटवर्कांनी एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळं गृहीत धरलेलं असतं: घड्याळ किती वाजले म्हणतंय, हे निक (टोपणनाव) कुणाचं, या चॅनेलात ऑप देण्याचा हक्क कुणाला, एका ओळीत किती मावतं. बॉट बिचारा दोघांच्या मध्ये उभा असतो, त्यामुळे बोल त्याला लागतो. त्याचा लॉग फार तर 'काय झालं' ते सांगेल. 'का झालं' हे ज्या सर्व्हरने लिंक तोडली किंवा ऑप काढले त्याच्याच लॉगमध्ये असतं. नेटवर्कच्या ॲडमिनकडून तो लॉग मिळवल्याशिवाय कॉन्फिगला हात लावू नका.

बॉट नेमकं काय करतो

आयआरसी १९८८ साली यार्को ओइकारिनेन यांनी फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात सुरू केलं. त्याचे नियम १९९३ च्या आरएफसी १४५९ मध्ये लिहिले गेले. त्या नियमांत नेटवर्क म्हणजे सर्व्हरांचं झाड असतं. कुठल्याही दोन सर्व्हरांमध्ये वाट एकच. तोच सर्व्हर दुसऱ्या वाटेने पुन्हा दिसला तर ती लिंक तोडायची. म्हणून एका नेटवर्कच्या आत मेसेज कधी गोल गोल फिरत बसत नाही.

रिले बॉट हे झाड वाढवत नाही. 'अ' आणि 'ब' ही दोन झाडं वेगळीच राहतात. बॉट दोन्हीकडे सर्व्हर म्हणून लटकतो, आपल्यामागे एक आभासी सर्व्हर दाखवतो आणि 'ब' वरच्या जोडलेल्या चॅनेलांतल्या प्रत्येक माणसाची प्रतिकृती 'अ' वर त्या आभासी सर्व्हरखाली उभी करतो. 'अ' च्या दृष्टीने ती आपल्याच घरची माणसं.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं. पहिली, 'अ' चे सगळे नियम, सगळ्या सर्व्हिसेस (निक आणि चॅनेलांची नोंद ठेवणारे निकसर्व्ह, चानसर्व्ह हे प्रोग्राम) आणि सगळी बंधनं त्या प्रतिकृतींना लागू होतात. दुसरी, झाडामुळे मिळणारं संरक्षण दोन झाडांच्या मधल्या रिलेला मिळत नाही.

लॉग वाचताना

तिन्ही ठिकाणचे लॉग, म्हणजे 'अ', 'ब' आणि बॉट, एकाच वेळेच्या पट्ट्यावर आणा. यूटीसी सोयीचं. मग पहिली विचित्र ओळ शोधा. लिंक पडली की शेकडो 'क्विट' एकामागून एक छापले जातात आणि डोळा तिथंच अडकतो, पण ती सगळी नंतरची पडझड असते. नेटस्प्लिटच्या (सर्व्हरांमधली लिंक तुटण्याच्या) क्विटमध्ये कारण म्हणून फक्त दोन सर्व्हरांची नावं असतात, त्यातून काही कळत नाही. त्याच्या अर्ध्या सेकंदाआधी 'एरर' ने सुरू होणारी एक ओळ असते. तीच हवी.

बॉटच्या लॉगची पातळी डीबगवर नेली तर सर्व्हरशी झालेलं बोलणं ओळ न ओळ दिसतं. तो लॉग कुणाला पाठवण्याआधी त्यात लिंकचा पासवर्ड राहिला नाही ना ते नजरेखालून घाला.

लिंक जुळत नाही, किंवा जुळून पडते

अजिबातच जुळत नसेल तर नव्वद टक्के वेळा गोष्ट साधी असते. पायलिंक आणि इन्स्पआयआरसीडी हा आयआरसी सर्व्हर या दोन्हींच्या कॉन्फिगमध्ये सेंडपास आणि रिसीव्हपास असे दोन पासवर्ड असतात. बॉटचा सेंडपास तो सर्व्हरचा रिसीव्हपास. दोन्हीकडे सारखेच उतरवून काढले की नकार ठरलेला. घोळ नको असेल तर दोन्हींना एकच लांबलचक पासवर्ड द्या. दुसरं, सर्व्हरच्या लिंक ब्लॉकमधलं नाव आणि बॉटच्या कॉन्फिगमधलं होस्टनेम अक्षरशः तेच हवं, आणि त्यात टिंब हवं. तिसरं पोर्ट. ६६६७ आणि ६६९७ ही सहसा माणसांसाठी असतात, आणि काही ठिकाणी पोर्ट 'फक्त क्लायंट' किंवा 'फक्त सर्व्हर' असं बांधलेलं असतं. यूनरियलआयआरसीडी या दुसऱ्या सर्व्हरच्या अलीकडच्या आवृत्त्या तर त्याच मशीनवरून आलेली लिंक सोडून बाकी कुठलीही सर्व्हर लिंक टीएलएसशिवाय (एन्क्रिप्शनशिवाय) घेत नाहीत.

यॅमल इथे फार छळतो. त्यात ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. आणि रिकाम्या जागेनंतर आलेलं # चिन्ह म्हणजे टिप्पणीची सुरुवात. आयआरसीत बहुतेक चॅनेलांचं नाव # ने सुरू होतं. अवतरण चिन्ह न देता नाव लिहिलंत तर यॅमलला तिथे काहीच लिहिलेलं दिसत नाही आणि तो कधी कधी चूकही दाखवत नाही. बॉट मुकाट्याने चालू होतो, फक्त चॅनेलात जात नाही. तसंच आकड्यांचं. एसआयडी (सर्व्हरची तीन अक्षरी ओळख) ०४२ असा अवतरणाशिवाय लिहिला तर पायथनची यॅमल लायब्ररी सुरुवातीचं शून्य बघून त्याला अष्टमान संख्या समजते आणि ३४ करून टाकते. मग सर्व्हर म्हणतो एसआयडी चुकीचा, आणि फाइलमध्ये तर तो डोळ्यांसमोर बरोबर दिसत असतो. नाव, पासवर्ड, चॅनेल, एसआयडी, सगळं अवतरणात ठेवा.

आता जास्त फसवणारा प्रकार. लिंक व्यवस्थित जुळते, बॉट आत येतो, आज्ञांना उत्तरं देतो, आणि पहिलं चॅनेल जोडताक्षणी लिंक पडते. इथे पासवर्ड वगैरे तपासण्यात अर्थ नाही, कारण पडझड आभासी सर्व्हर उभा राहताना होते. दोन कारणं संभवतात.

एक म्हणजे हबची परवानगी. सर्व्हरने बॉटला टोकाचं पान समजून लिंक दिली असेल तर त्याच्यामागे आणखी सर्व्हर आलेला तो खपवून घेणार नाही. यूनरियलच्या लिंक ब्लॉकमध्ये हब म्हणून तारा (*) लिहावा लागतो. करिबडिस या सर्व्हरच्या घराण्यात हब मास्क द्यावा लागतो.

दुसरं म्हणजे एसआयडीची टक्कर. प्रत्येक सर्व्हरला तीन अक्षरी ओळख असते, पहिलं स्थान अंकाचं आणि पुढची दोन अंक किंवा अक्षरं. बॉटची स्वतःची एक एसआयडी असते आणि आभासी सर्व्हरांसाठी एसआयडी रेंज वेगळी द्यावी लागते. ती रेंज नेटवर्कवरच्या एखाद्या खऱ्या सर्व्हरला झाकत असेल तर तेवढी एसआयडी वापरायची पाळी येईपर्यंत सगळं ठीक चालतं. म्हणूनच 'दोन नेटवर्क होती तोवर चालत होतं, तिसरं जोडलं आणि बिघडलं' अशी तक्रार आली की मी आधी रेंज बघतो. ॲडमिनला विचारून कुणीच वापरत नसलेला अंक घ्या.

जोडल्यावर पाच-दहा सेकंदांत पडत असेल आणि एररमध्ये 'मॅक्स सेंडक्यू एक्सीडेड' असेल तर उपाय सर्व्हरकडे आहे. लिंक जुळली की सर्व्हर आपल्याकडचे सगळे युजर, सगळी चॅनेल, सगळे मोड (चॅनेल आणि युजरच्या सेटिंग) एका दमात बॉटकडे ओततो. बॉट ते वाचेपर्यंत ते सर्व्हरच्या रांगेत थांबतं आणि त्या रांगेला (सेंडक्यू) मर्यादा असते. यूनरियलच्या नमुना कॉन्फिगमध्ये क्लायंटच्या वर्गाला २०० के आणि सर्व्हरच्या वर्गाला २० एम असा सेंडक्यू दिलेला असतो. हा शंभरपट फरक उगाच नाही. बॉटच्या लिंक ब्लॉकमध्ये चुकून क्लायंटचा वर्ग लिहिला असेल तर नेटवर्क लहान असेतो निभावतं आणि गर्दीच्या वेळी बरोबर पडतं. मग पुन्हा जोडायचा प्रयत्न, पुन्हा तोच लोंढा, पुन्हा तोच शेवट. बॉटचा वर्ग सर्व्हरचाच ठेवा.

'हा सर्व्हर आधीच जोडलेला आहे' अशा अर्थाचा नकार येत असेल तर घाबरू नका आणि बॉट दहादा रीस्टार्टही करू नका. मधलं नेट गेलं आणि बॉट पुन्हा जोडायला आला, तरी सर्व्हरला जुनं कनेक्शन मेलंय हे पिंगची मुदत संपेपर्यंत कळत नाही. तोवर त्याच नावाचा दुसरा सर्व्हर दारात आला की तो हाकलून देतो. ऑटोकनेक्टची वेळ दहा सेकंद असेल तर त्या दोन-तीन मिनिटांत डझनभर नकार जमतात आणि काही ठिकाणी थ्रॉटल (वारंवार जोडण्यावरची रोक) लागून मुदत आणखी लांबते. ऑटोकनेक्ट वाढवा, सर्व्हरच्या पिंगच्या मुदतीच्या आसपास आला की हा प्रकार थांबतो. फारच घाई असेल तर ॲडमिनने 'एसक्विट' देऊन मेलेली लिंक हातानं काढावी.

आणि एक बिघाड असा आहे, जो कॅलेंडर बघून येतो. दोन महिने उत्तम चालणारी लिंक कुणी काही न करता एके दिवशी बंद पडते. रात्री टीएलएसचं सर्टिफिकेट नवं झालेलं असतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची नेहमीची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात आणि ती मिळवणारा सर्टबॉट हा प्रोग्राम मुदतीच्या महिनाभर आधीच ती बदलून टाकतो. बदलताना तो किल्लीही नवी बनवतो. लिंक ब्लॉकमध्ये किंवा बॉटच्या कॉन्फिगमध्ये समोरच्याच्या सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट (ओळखीचा ठसा) लिहून ठेवला असेल तर तो आता जुळत नाही, आणि न जुळल्यावर लिंक नाकारणं हे बरोबरच आहे, त्यासाठीच तो लिहिलेला असतो. म्हणून फिंगरप्रिंट तपासणीच काढून टाकणं हा उपाय नव्हे. सर्टबॉटला जुनीच किल्ली पुन्हा वापरायला सांगा आणि सर्टिफिकेटच्या फिंगरप्रिंटऐवजी किल्लीचा फिंगरप्रिंट वापरा. यूनरियलमध्ये एसपीकेआयएफपी त्यासाठीच आहे. किल्ली तीच राहिली की सर्टिफिकेट कितीदा बदललं तरी लिंकला धक्का लागत नाही.

घड्याळ

हा भाग छोटा आहे, पण नुकसान सगळ्यात जास्त याचंच. आयआरसी सर्व्हर भांडणं टाइमस्टॅम्पवर सोडवतात. एकाच नावाचं चॅनेल दोन बाजूंनी आलं की ज्याचा टाइमस्टॅम्प जुना ते खरं, आणि नव्या बाजूचे मोड आणि ऑप पुसले जातात. आता बॉट ज्या मशीनवर आहे तिचं घड्याळ मागे असेल आणि त्या जुन्या वेळेने त्याने चॅनेल मांडलं, तर सर्व्हरला वाटतं बॉटचंच चॅनेल आधीचं. वर्षानुवर्षं तिथं बसलेल्या माणसांचे ऑप एका फटक्यात जातात. निकचंही तसंच: टाइमस्टॅम्प तंतोतंत सारखे निघाले तर दोघांनाही बाहेर काढलं जातं.

घड्याळात फार फरक दिसला तर सर्व्हर लिंकच नाकारतो, काही ठिकाणी काही सेकंदांवर, काही ठिकाणी त्याहून बराच वेळ खपवून घेऊन. खरा धोका त्या मर्यादेच्या आत राहणाऱ्या फरकाचा, कारण लिंक जुळते आणि गोंधळ मागाहून दिसतो. तिन्ही मशीनवर एनटीपी (घड्याळ नेटवरून जुळवणारी सेवा) चालू आहे का ते बघा. व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा सुरू केल्यावर घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं, ते विशेष तपासा.

ऑप देणं-काढणं थांबत नाही

माणसांची मनं सगळ्यात जास्त दुखावतात ती इथे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा चॅनेल 'ब' वर तयार झालं आणि 'अ' ने ते जोडून घेतलं. 'अ' वरही त्याच नावाचं चॅनेल चानसर्व्हकडे नोंदवलेलं आहे. 'ब' वर रवी ऑप आहे. बॉट 'अ' वर 'रवी/ब' अशी प्रतिकृती उभी करून तिला ऑप देतो. 'अ' च्या चानसर्व्हच्या यादीत असा कुणी नाही, आणि यादीबाहेरच्याला ऑप राहू द्यायचे नाहीत हा पर्याय चालू आहे. अनोप या सर्व्हिसेसच्या प्रोग्राममध्ये त्याला सिक्युअरऑप्स म्हणतात, ॲथीम या दुसऱ्यात सिक्युअर. चानसर्व्ह ऑप काढतो. बॉट बघतो की चॅनेलचा मालक 'ब' आहे, 'अ' ला इथे बदल करायचा हक्क नाही, म्हणून तो बदल उलटवतो आणि ऑप परत देतो. चानसर्व्ह पुन्हा काढतो. लॉग उघडला तर एकाच सेकंदाच्या नावाखाली 'दिला, काढला, दिला, काढला' अशी पानभर माळ दिसते. दोघंही आपापल्या नियमाने अगदी बरोबर वागत असतात. शेवटी कुणाची तरी फ्लडची मर्यादा भरते आणि लिंक पडते. मग 'लिंक पडते' अशी तक्रार येते आणि सगळे नेटची केबल तपासत बसतात.

पायलिंकमध्ये या हक्काला क्लेम म्हणतात. चॅनेल बनवणारं नेटवर्क आणि क्लेमच्या यादीतली नेटवर्क यांनाच किक, मोड आणि टॉपिकवर शब्द चालवता येतो. इतरांनी केलेला बदल अडवला जातो किंवा उलटवला जातो. पुष्कळ जण भांडण मिटवायला क्लेममध्ये दोन्ही नेटवर्क टाकतात. त्याने आगीतून फुफाट्यात पडायला होतं. आता 'अ' च्या चानसर्व्हने काढलेले ऑप 'ब' वर पोचतात आणि रवीचे त्याच्या स्वतःच्या नेटवर्कवरचे खरे ऑप जातात. मग 'ब' चा चानसर्व्ह ते परत देतो, ते 'अ' वर पोचतात, आणि चाक पुन्हा फिरतं, आता दोन नेटवर्कभर.

टिकणारा तोडगा एकच: एका चॅनेलचा धनी एक. ज्या नेटवर्कवर ते तयार झालं तिथला चानसर्व्ह चालू राहील, आणि जोडून घेणाऱ्या बाजूला त्या चॅनेलपुरता सिक्युअरऑप्स बंद, मोड लॉक काढलेला, टॉपिक लॉक काढलेला. मोड लॉक विसरू नका. एकीकडे चॅनेल मॉडरेटेड ठेवायचा लॉक आणि दुसरीकडे नसलेला, एवढ्यावरही हेच भांडण पेटतं, फक्त ऑपच्या जागी मोड असतो. आणि हे करण्याआधी दोन्ही बाजूंच्या चॅनेलमालकांशी बोला. ऑपची यादी म्हणजे त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेला विश्वास असतो. ती गुपचूप निकामी करणं योग्य नाही.

बॉटला आणि त्याच्या आभासी सर्व्हरांना यू-लाइन देण्याबद्दलही इथंच सांगायला हवं. यू-लाइन म्हणजे या सर्व्हरने केलेले मोडचे बदल सर्व्हिसेसनी केल्यासारखे माना. ती नसेल तर काही सर्व्हर बॉटने दिलेले ऑप स्वतःच मागे घेतात, चानसर्व्हचा संबंधही नसतो. आभासी सर्व्हरांच्या नावांना शेवटी जो प्रत्यय लागतो तो बॉटच्या कॉन्फिगमधल्या सर्व्हर सफिक्समधून येतो. यू-लाइनमध्ये बॉटचं नाव आहे आणि सफिक्सवाली नावं नाहीत, असं बऱ्याच ठिकाणी सापडतं.

निकची झटापट

'ब' वरचा रवी आणि 'अ' वर नोंदवलेला रवी ही वेगळी माणसं असू शकतात. प्रतिकृतीच्या नावाला नेटवर्कची शेपूट लावतात ती यासाठी. ती कुरूप दिसते म्हणून बंद करावीशी वाटते. बंद केली की 'अ' चा निकसर्व्ह प्रतिकृतीकडे पासवर्ड मागतो, तिला तो देता येत नाही, थोड्या वेळात तिचं नाव बदललं जातं किंवा तिला बाहेर काढलं जातं, आणि बॉट तिला पुन्हा उभी करतो. शेपूट राहू द्या. तिरकी रेघ निवडण्यामागेही कारण आहे: साध्या युजरला निकमध्ये ती वापरता येत नाही, त्यामुळे स्थानिक माणूस प्रतिकृतीचं सोंग घेऊ शकत नाही. तिरकी रेघ न चालणाऱ्या सर्व्हरवर उभी रेघ वापरतात, तिथे ही खात्री उरत नाही.

क्वचित येणारी एक अडचण केसमॅपिंगची. आरएफसी १४५९ प्रमाणे चौकोनी कंस आणि महिरपी कंस ही एकाच अक्षराची मोठी-लहान रूपं मानली जातात, कारण फिनलंडकडच्या कीबोर्डवर त्या जागी अक्षरं असत. काही आधुनिक सर्व्हर हे मानत नाहीत. त्यामुळे एकीकडे दोन वेगळी असलेली निक दुसरीकडे एकच ठरतात. ठरावीक एकाच माणसाला त्रास होत असेल आणि त्याच्या निकमध्ये कंस असेल तर उत्तर मिळालं.

मेसेजचे प्रतिध्वनी

एकच ओळ पुन्हा पुन्हा येत असेल तर बोलणाऱ्याचं नाव नीट वाचा. 'रवी/ब' असेल तर ठीक. 'रवी/ब/अ' असं दुहेरी शेपूट दिसलं की निदान झालं: एका रिलेने उभी केलेली प्रतिकृती दुसऱ्या रिलेने खरा माणूस समजून परत पाठवली. बॉट आपल्याच प्रतिकृती ओळखतो, दुसऱ्या बॉटच्या नाही. वर म्हटलं तसं, झाडाचा नियम इथे वाचवायला येत नाही.

दोन बॉट एकाच जोडीवर काम करत असतील तर एक बंद करा. तीन नेटवर्क असतील आणि अ-ब एका बॉटने, ब-क दुसऱ्याने, क-अ तिसऱ्याने जोडलं असेल तर ते वर्तुळ तोडून एकाच बॉटला तिन्हीकडे जोडा. बॉट प्रत्येक नेटवर्कने स्वतंत्र बसवायचा नसतो, एकच प्रत सगळीकडे जाते. मॅट्रिक्स किंवा डिस्कॉर्डचा पूल त्याच चॅनेलात असेल तर तो फक्त धनी नेटवर्कवर ठेवा. रिले त्याचं बोलणं बाकीच्यांपर्यंत नेईलच.

ओळीची शेपटी तुटते

देवनागरीत लिहिणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. आयआरसीतली ओळ शेवटच्या दोन नियंत्रण चिन्हांसह ५१२ बाइटची. त्यात तुमच्या मजकुराआधी सर्व्हर तुमचं निक, युजरनेम आणि होस्ट जोडतो, मग आज्ञा आणि चॅनेलचं नाव. या सगळ्याला शंभरेक बाइट गेले तर मजकुराला चारशेच्या आसपास उरतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे: 'स्त्री' हे दिसायला एक अक्षर, पण आत स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. चारशे बाइटांत सुमारे १३३ चिन्हं बसतात.

तुमचं क्लायंट ॲप ओळ तोडतं ते 'अ' वरच्या तुमच्या नावाच्या लांबीवरून. 'ब' वर तुमच्या नावाला शेपूट लागलेली असते आणि होस्टही वेगळं, लांब असू शकतं. वाढलेल्या बाइटांइतका मजकूर तिकडचा सर्व्हर कापतो, आणि काप चिन्हाच्या मधोमध पडला तर शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. बॉटच्या कॉन्फिगमध्ये नेटवर्कचं लघुनाव दोन-तीन अक्षरांचं ठेवा आणि ज्यांच्या क्लायंटमध्ये सोय आहे त्यांनी ओळ ३५० बाइटांवर तोडावी. एन्कोडिंग बदलून यात काही होत नाही.

सर्व्हर लिंक मिळत नसेल तेव्हा

मोठी सार्वजनिक नेटवर्क बाहेरच्या बॉटला सर्व्हर लिंक देत नाहीत. तिथे पायलिंकचा क्लायंटबॉट प्रकार वापरतात: एकच बॉट साधा युजर म्हणून बसतो आणि सगळ्यांचं बोलणं आपल्या तोंडून सांगतो. 'इकडचं तिकडे जातं, तिकडचं इकडे येत नाही' ही त्यातली नेहमीची तक्रार. रिले क्लायंटबॉट नावाचा प्लगइन वेगळा लोड करावा लागतो, तो राहिलेला असतो. दुसरं, वीस जणांचं बोलणं एका तोंडून गेलं की सर्व्हरला तो फ्लड वाटतो आणि 'एक्सेस फ्लड' म्हणून बॉट बाहेर. पाठवण्याचा वेग कमी ठेवा, येणं-जाणं रिले करू नका, आणि त्या नेटवर्कच्या स्टाफची परवानगी आधी घ्या. कित्येक ठिकाणी विनापरवाना रिले चालत नाही, आणि बोलणाऱ्यांनाही आपलं बोलणं दुसरीकडे दिसतंय हे टॉपिकमध्ये लिहून कळवायला हवं.

रीस्टार्टनंतर जोडलेली चॅनेल गायब

जोडण्या कॉन्फिगमध्ये नसतात, बॉटच्या वेगळ्या डेटाबेस फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल दर काही मिनिटांनी व नीट बंद करताना लिहिली जाते. बॉटला जबरदस्तीने मारलं तर मधल्या वेळातल्या जोडण्या गेल्या. चॅनेल जोडल्या जोडल्या सेव्हची आज्ञा द्या आणि फाइलची वेळ बदलली का ते बघा. वेळ जुनीच दिसली तर डिस्क भरली आहे, किंवा बॉट ज्या युजरखाली चालतो त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. कधी तरी कुणी रूट म्हणून बॉट चालवला असेल तर फाइलची मालकी रूटकडे जाते आणि नंतर नेहमीच्या युजरखाली सुरू केलेला बॉट जुनी फाइल वाचू शकतो, पण तिच्यात नवं काही लिहू शकत नाही.